तिपव्वाची सोळा अक्षरं

फार वर्षांपूर्वी घडलेली ही हकीकत आहे. किती वर्षांपूर्वीची, ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. माझ्या आजोबांना ती त्यांच्या आजीनं सांगितली, आणि त्या आजीनंही कुणाकडून तरी ऐकलेलीच होती. तेव्हा आमच्या हिवरमाळला सडक नव्हती, शाळा नव्हती, पिठाची गिरणी नव्हती. काळ्या खडकाच्या पठारावर साठ-सत्तर घरं होती. गावाच्या वरच्या अंगाला इनामदारांची गढी होती आणि खालच्या अंगाला एक बारव, म्हणजे पायऱ्यांनी आत उतरायची मोठी दगडी विहीर. बाराही महिने पाणी. आणि प्रत्येक घरात एक जातं होतं.

जातं दळून दळून गुळगुळीत होतं. मग दाणे भरडत नाहीत, नुसते गोल गोल फिरतात. अशा वेळी जात्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं ठोकून दगड पुन्हा खरबरीत करावा लागतो. या कामासाठी वर्षातून दोनदा एक बाई गावात यायची. सोबत एक गाढव, गाढवावर मुक्कामाचं कापडी पाल, आणि खांद्याला हातोडा-छिन्नीची पिशवी. वेशीतूनच तिची हाक यायची, "जात्याला टाकीऽऽय!" तिचं नाव तिपव्वा. पाथरवटाची लेक.

असं म्हणतात की ती दगडाला कान लावायची आणि कुठं ठोकायचं ते दगडच तिला सांगायचा. तिनं टाकी लावलेल्या जात्याचं पीठ इतकं हलकं पडायचं, की भाकरी टम्म फुगून तव्यावरून आपोआप उठायची. बापानं तिला फुलं, पोपट, हत्ती, वेली, सगळं कोरायला शिकवलं होतं. अक्षरंही ती कोरायची. कागदावरची अक्षरं समोर ठेवली की तशीच्या तशी दगडावर उतरवायची. पण अक्षर म्हणजे तिच्या लेखी एक वेलबुट्टी. तिला वळण कळायचं, अर्थ कळत नव्हता.

एका वर्षी थोरल्या इनामदारांनी तिला बोलावून घेतलं. म्हातारा माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी एक कागद तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "हे दगडावर काढ. ठसठशीत काढ. पावसानं पुसलं जाता कामा नये."

तिपव्वानं चार दिवस खपून सोळा अक्षरं कोरली. दगड बारवेच्या आतल्या भिंतीत, पायऱ्यांच्या बाजूला बसवला. थोरले इनामदार म्हणाले, "येत्या पुनवेला गाव बोलावू आणि काय लिहिलंय ते सांगू." पण पुनव उजाडायच्या आधीच ते गेले.

गढी त्यांच्या लेकाकडं आली. त्याचं नाव भुजंगराव. तेराव्याचं जेवण झालं आणि भुजंगरावानं गावाला बारवेवर बोलावलं. गढीच्या कारकुनानं दगडावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "ही बारव गढीची. हुकमाशिवाय कोणी पाणी नेऊ नये."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यावर जगलेलं गाव. पण दगडावर लिहिलेलं होतं. थोरल्यांनी स्वतः बसवून घेतलेला दगड होता. आणि गावात एकाही माणसाला वाचता येत नव्हतं. पंचांग सांगायला बाहेरगावचा जोशी यायचा, तोही गढीत उतरायचा, गढीत जेवायचा आणि गढीच्याच वाटेनं जायचा. लिहिणं-वाचणं ही गढीची गोष्ट, आपली नव्हे, असं गावानं मनात पक्कं धरलेलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन घरी आल्या.

त्या दिवसापासून हिवरमाळच्या बाया कोसभर लांबच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. वाळूत खड्डा करायचा, पाणी झिरपायची वाट बघायची, वाटीवाटीनं घागर भरायची आणि उभा चढ चढून यायचं. त्या चढावर रेऊबाईची सासू दोन घागरींसकट पडली. ती पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली नाही.

तिपव्वाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी ती आली, हाक देत गल्लीतून फिरली, पण एकाही घरातून तिला कुणी बोलावलं नाही. शेवटी तहान लागली म्हणून ती रेऊबाईच्या दारात उभी राहिली. "बाई, वाईच पानी मिळंल का?"

रेऊबाईनं तिच्याकडं पाहिलं. आत गेली. माठाच्या तळाशी अर्धा तांब्या पाणी होतं, ते सगळं घेऊन आली.

"पी," ती म्हणाली. "तुझ्याच दगडानं आमचं पानी गेलं. पर दारात आलेल्या तहानलेल्याला न्हाई कसं म्हनू?"

"माझ्या दगडानं?"

मग रेऊबाईनं सगळं सांगितलं. आत अंथरुणावर पडलेली सासू दाखवली. तिपव्वाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ते पाणी ती प्यायली नाही. आत जाऊन सासूच्या तोंडाला लावलं, आणि उंबऱ्याबाहेर येऊन बसली.

"मी काय कोरलं ते मलाच ठावं न्हाई गं," ती म्हणाली. "माझ्या हातानं मी काय लिवलं, ते मलाच ठावं न्हाई."

असं म्हणतात की त्या दिवशी तिनं छिन्नी मातीत खुपसली आणि शपथ घेतली. अर्थ कळल्याशिवाय दगडावर एक रेघसुद्धा ओढणार नाही. आणि गाढव घेऊन ती चालू लागली, ती थेट बाजाराच्या गावाला गेली. तिथं एक शाळा होती. शाळेचे मास्तर होते नेमगोंडा मास्तर. शाळेच्या आवाराची भिंत ढासळली होती.

तिपव्वा मास्तरांपुढं उभी राहिली. "मास्तर, तुमची भिंत मी बांधते. पैका नगं. रोज एक दगड घडवीन, रोज एक अक्षर द्या."

मास्तर हसले. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायचे थांबले. "बस," ते म्हणाले.

भिंत वाढत गेली आणि अक्षरंही वाढत गेली. दिवसभर ती खिडकीखाली दगड घडवायची आणि आतून पोरांचा आवाज यायचा, "क काना का, क ला पहिली वेलांटी कि." हातोड्याचे ठोके त्याच तालावर पडायचे. असं म्हणतात की त्या भिंतीचे दगड अजून उन्हाळ्यात तापले की बाराखडी म्हणतात. मी काही ऐकली नाही, पण ऐकलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन वर्षांत भिंत पुरी झाली. दोन वर्षांत तिपव्वा वाचायला लागली.

मग ती हिवरमाळला आली आणि सरळ गढीत गेली. गढीच्या जात्याला टाकी लावली. काम झाल्यावर म्हणाली, "पानी पिऊन येते." गढीच्या कामावरच्या माणसाला बारवेवर मनाई नव्हती. ती पायऱ्या उतरली. दगडासमोर उभी राहिली. स्वतःच्या हातच्या अक्षरांवर तिनं बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाचली.

ही बारव गावाची. कोणीही यावे, पाणी न्यावे.

तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. दगड खोटं बोलत नव्हता. दगडानं कधीच खोटं सांगितलं नव्हतं. खोटं बोलला होता तो कारकून, आणि खोटं बोलायला लावलं होतं भुजंगरावानं. थोरल्या इनामदारांनी बारव गावाला देऊन टाकली होती. ते देणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीत बसवलेलं होतं, आणि ते वाचायला गावात एक माणूस नव्हतं. तिपव्वा पायरीवर बसून हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

बारवेतून ती वर आली ती गावात गेली नाही. चालत पुन्हा मास्तरांकडं गेली आणि सगळं सांगितलं.

मास्तर उठूनच उभे राहिले. "मग सांग की जाऊन गावाला! वाट कसली बघतेस?"

"मी सांगितलं तर ते माझं सांगनं हुईल, मास्तर," तिपव्वा म्हणाली. "मी फिरती बाई. इनामदार म्हनंल, खोटारडी हाय, आनि दगड फोडून टाकंल. पर गावच्या पोरांनी वाचलं, तर ते दगडाचं सांगनं हुईल. मग कोन काय करनार?"

"पण गावात शाळा नाही. पोरं शिकणार कुठं?"

"घरात," ती म्हणाली. "मी घराघरात जाते की."

या वेळी तिनं हिवरमाळच्या माळावर पाल ठोकलं ते उठवलंच नाही. पहिलं दार रेऊबाईनं उघडलं, मग बाकीची उघडली. एकेका घरी जाऊन जात्याला टाकी लावायची आणि जात्याच्या वरच्या दगडावर एक अक्षर कोरायची. एका घरी एक अक्षर. रेऊबाईच्या जात्यावर ग, शेजारच्या जात्यावर ब, पलीकडं व. पहाटे आई दळायला बसली की पोरं शेजारी येऊन बसायची. जातं थांबलं की अक्षर दिसायचं. तिपव्वा सांगायची, "पिठात काढा." पोरं सुपातल्या पिठात बोटानं अक्षर काढायची. आपल्या घरचं अक्षर आलं की शेजारच्या घरी, तिथून पलीकडच्या. साठ-सत्तर घरं फिरली की पोरगं अक्षरं गोळा करून घरी यायचं.

"पिठाची नासाडी!" बाया ओरडायच्या.

"नासाडी कशाची? त्याच पिठाची भाकर करा," तिपव्वा म्हणायची. "अक्षर पोटात जाऊ दे."

तिचा एकच नियम होता. वाचायचं ते घरात, आणि मोठ्यानं. एकट्यानं कोपऱ्यात नाही. आई चुलीपाशी असेल तर आईला, आजी अंथरुणावर असेल तर आजीला. पोरानं वाचायचं आणि घरानं ऐकायचं.

पण अक्षरं आली तरी वाचणार काय? घरात कागदाचा कपटा नव्हता. तेव्हा तिपव्वानं जे केलं, तसं आजवर कुणी केलं नसेल. तिनं खडकातून पातळ फरश्या काढल्या, पाटीएवढ्या, आणि त्यांच्यावर गोष्टी कोरल्या. एका फरशीवर दोन-तीन वाक्यं. गाढवाच्या दोन्ही बाजूंना पोती बांधून त्यात फरश्या भरायची आणि दारोदार फिरायची. एक फरशी ठेवायची, आठ दिवसांनी ती घेऊन पुढची द्यायची. आणि गोष्ट अशा जागी तोडायची की पुढची फरशी येईपर्यंत घरात कुणाला चैन पडू नये.

रेऊबाईचा नवरा सिदराम. त्याला हे मुळीच पसंत नव्हतं. त्याची लेक हौसा, नऊ वर्षांची. ती फरशी मांडीवर घेऊन आजीच्या अंथरुणाशी बसायची.

"वाचून काय पोट भरनार हाय?" सिदराम म्हणायचा. "गढीतली मानसं वाचत्यात. आपुन वाचून काय गढी बांधनार?"

हौसा फरशी जवळ ओढायची. ती वाचायला लागायची. एका संध्याकाळी तिनं वाचलं, "म्हातारी ओढ्यावर गेली. ओढ्यात मगर होती. म्हातारीनं घागर बुडवली आणि..." आणि फरशी संपली.

आजी म्हणाली, "मग गं?"

"एवढंच हाय."

सिदराम दाराशी दोर वळत बसला होता. त्याचा हात थांबला. "एवढंच कसं? मगरीनं धरली का काय म्हातारीला?"

"पुढच्या फरशीवर असंल."

आठ दिवस सिदरामनं ते मनातून काढायचा प्रयत्न केला. निघेना. आठव्या दिवशी तिपव्वाचं गाढव गल्लीत शिरलं आणि सगळ्यांच्या आधी सिदराम दारात उभा. "तिपव्वा, त्या म्हातारीचं काय झालं?"

तिपव्वानं फरशी त्याच्या हातात दिली. "वाचा की."

"मला कुठं येतंय?"

"मग लेकीपाशी बसा. ती वाचंल, तुमी अक्षरावरून बोट फिरवा. म्हातारी वाचली का न्हाई, ते बोटालाच कळंल."

त्या दिवसापासून सिदराम दोर बाजूला ठेवून लेकीशेजारी बसू लागला. असं एका घरात झालं, मग दुसऱ्या घरात झालं. दोन वर्षांत हिवरमाळच्या गल्लीतून दिवेलागणीला चालत गेलं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दारादारातून पोरांचा वाचल्याचा आवाज यायचा. असं म्हणतात की तेव्हा झाडावरची पाखरंसुद्धा गोष्ट संपेपर्यंत कलकलाट करत नसत.

ही गोष्ट गढीपर्यंत न जाईल तर नवल. कारकुनानं कानावर घातली आणि भुजंगराव सावध झाला. आज पोरं फरशी वाचतात, उद्या बारवेतला दगड वाचतील. दगड फोडावा तर गाव विचारणार, थोरल्यांच्या हातचा दगड का फोडला? त्यानं तिपव्वाला बोलावलं.

"बारवेतल्या दगडावरची अक्षरं पुसट झालीत," तो म्हणाला. "ती तासून टाक. कारकून सांगतील ती नवी कोर."

तिपव्वानं मान खाली घातली. "कोरते, मालक. उद्या सकाळी येते. पर एक अर्ज हाय. गावाला बघायला येऊ द्या. नवा हुकूम सगळ्यांच्या कानावर जाईल, पुन्हा कुनी न्हाई म्हननार न्हाई."

भुजंगरावाला ते पटलं. आपला हुकूम दगडावर चढताना सगळ्या गावानं बघावा, असं त्याला वाटलंच असणार. त्यानं दवंडी पिटवली.

सकाळी गाव बारवेभोवती जमलं. पाच वर्षांनी गावानं ते पाणी पाहिलं. ऐन उन्हाळा होता, पाणी पार तळाला गेलेलं. पायऱ्यांच्या तोंडाशी गढीचे काठीवाले उभे. एका बाजूला भुजंगराव आणि कारकून. तिपव्वा दगडापाशी उतरली. अक्षरांत धूळ आणि शेवाळ भरलं होतं. तिनं छिन्नीचं टोक पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि वर पाहिलं.

"मालक, मी अडानी बाई. भलतंच तासलं तर? हे पहिलं अक्षर कोनतं?"

भुजंगरावानं कारकुनाकडं पाहिलं. कारकून म्हणाला, "विचारायचं काय त्यात? तास मुकाट्यानं!"

"अक्षर कळल्याबिगर मी दगडाला हात लावत न्हाई. शपत हाय मला." ती गावाकडं वळली. आवाज चढवून म्हणाली, "हे कोनतं अक्षर हाय? कुनी सांगंल का?"

रेऊबाईनं हौसाचा हात धरला होता. तो हात तिनं सोडला. हौसा दोन पायऱ्या खाली उतरली, मान वाकडी करून दगडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "ही."

तिपव्वानं छिन्नी हलकेच ठोकली. अक्षर तासलं गेलं नाही. त्यातली धूळ उडाली आणि ते कोरं करकरीत होऊन उन्हात चमकलं.

"आनि हे?"

"बा!" दुसरं एक पोरगं ओरडलं. "आमच्या जात्यावरचा ब, त्याला काना!"

"हे?"

"र!"

"व!" आता चार आवाज आले. मग दहा. तिपव्वा एकेका अक्षराला छिन्नी लावत होती, धूळ झाडत होती आणि पोरं वाचत होती. "गा! वा! ची!"

"जोडून वाचा," तिपव्वा म्हणाली.

आणि गावातल्या सगळ्या पोरांनी एका आवाजात वाचलं, "ही बारव गावाची."

कारकुनानं पुढं झेप घेतली, पण त्याच्या आड सिदराम येऊन उभा राहिला. त्यानं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तो दगडाकडं बघत होता, ओठ हलत होते, आणि पुढचा शब्द त्यानं स्वतःच वाचला. "को-णी-ही." हळू, अडखळत, पण वाचला. मग म्हणाला, "या-वे. यावे!"

"पाणी न्यावे," पोरांनी पुरं केलं.

असं म्हणतात की पहिल्या अक्षराला तळाशी पाणी हललं. दुसऱ्या अक्षराला एक पायरी बुडाली. सोळा अक्षरं वाचून झाली तेव्हा पाणी सोळा पायऱ्या चढून आलं होतं आणि हौसाची पावलं भिजली होती. खरं-खोटं त्या बारवेलाच ठाऊक. पण सोळाव्या पायरीच्या वरच्या अंगाला पाण्याची एक रेघ आहे. हवं तर जाऊन बघा.

भुजंगराव ओरडला, "या पोरांना शिकवलं कुणी? गावात शाळा कुठं आहे?"

रेऊबाई पुढं आली. एरवी गढीसमोर डोकं वर न करणारी बाई. "घरात शिकली, सरकार," ती म्हणाली. "चुलीपाशी. जात्यापाशी. माझ्या सासूच्या अंथरुणापाशी."

भुजंगरावानं काठीवाल्यांकडं पाहिलं. काठीवाले गावचेच होते. त्यांतल्या एकाची लेक पायरीवर उभी होती, नुकतीच "न्यावे" म्हणून ओरडलेली, बापाकडं डोळे मोठे करून बघत. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि लेकीला कडेवर उचलून घेतलं. बाकीच्यांनीही काठ्या खाली ठेवल्या.

लपवलेलं बापाचं देणं सगळ्या गावादेखत उघडं पडलं होतं. भुजंगराव वळला आणि गढीची वाट चालू लागला. कारकून त्याच दिवशी गावातून गेला, तो परत आला नाही. बायांनी घागरी भरल्या. पहिली घागर रेऊबाईच्या सासूच्या अंथरुणाशी गेली. म्हातारीनं पाच वर्षांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि मग ती ते प्यायली.

आणि चारच दिवसांनी गढीतून तिपव्वाला निरोप आला. भुजंगरावाच्या बायकोचा होता. "आमच्याही जात्याला टाकी लाव. त्यावर अक्षर कोर. मोठं कोर, माझ्या दोन्ही मुली शेजारी बसतील."

तिपव्वा गेली आणि गढीच्या जात्यावर ज्ञ कोरला. तेच एक अक्षर उरलं होतं.

पुढं ती हिवरमाळहून उठली. शेजारच्या गावांनाही जाती होती, पोरं होती. गाढवावर फरश्या लादून ती गावोगाव हिंडली. ती कुठं थांबली आणि कुठं गेली, कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं, ती डोंगरातल्या एका मोठ्या खडकावर जगातल्या सगळ्या गोष्टी कोरत बसली आहे आणि अजून तिची निम्मीच झाली आहे. आमच्याकडं असं म्हणतात की ज्या घरात लागोपाठ तीन दिवस पोरांनी काही वाचलं नाही, त्या घराच्या चौकटीवर छिन्नीचे तीन ठोके पडतात. टक, टक, टक. लहानपणी मी एकदा ऐकले. आई म्हणाली, सुतारपक्षी असेल. पण असं म्हणत म्हणतच तिनं फळीवरचं पुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं.

आता गावात शाळा आहे, ग्रंथालय आहे, घराघरात टीव्ही आणि मोबाईल आहेत. पण दिवेलागणीनंतरचा अर्धा तास आजही हिवरमाळमध्ये तिपव्वाचा असतो. त्या वेळी टीव्ही बंद. प्रत्येक घरातलं पोर मोठ्यानं वाचतं आणि घरातली मोठी माणसं हातातलं काम घेऊन जवळ बसतात. पोराचं बोट चुकलं तर कुणी रागावत नाही, थांबतात. ज्या घरात पोर नाही, त्या घरी शेजारचं पोर पुस्तक घेऊन जातं. सून नवी आली तर पहिल्या संध्याकाळी सासरा तिला वाचून दाखवतो. सासऱ्याला वाचता येत नसेल तर सून त्याला दाखवते.

मागच्या साली जिल्ह्याचे एक साहेब पाहणीला आले, नेमके त्याच वेळी. ते सरपंचांच्या दारात जाऊन उभे राहिले. सरपंचबाई ओसरीवर बसल्या होत्या, आणि त्यांचा पाच वर्षांचा नातू वाचत होता. बाईंनी उठून साहेबांना पाण्याचा तांब्या दिला, बोटानं बसायची खूण केली आणि पुन्हा नातवाशेजारी जाऊन बसल्या. साहेब उंबऱ्याशी बसले. सोबतचा शिपाई चुळबुळ करायला लागला, तशी साहेबांनी त्यालाच गप्प केलं. पोरगं अडखळत, शब्द जोडत पान पुरं करत होतं. गल्लीत पुढं-मागं सगळ्या दारांतून तसेच आवाज येत होते.

पान संपलं. सरपंचबाई हात जोडून म्हणाल्या, "बोला साहेब, काय काम काढलंत?"

साहेब म्हणाले, "काम नंतर. आधी त्या पोराला विचारा, पुढं काय झालं."